आमची कुठेही शाखा नाही : बाजारगावातल्या हॉटेलांचे शब्द

ओलीसुकी

तालुक्याच्या बाजारगावात जेवायला कुठे जावं, याची एक छोटी मराठी पुस्तिका होते आहे. मूळ इंग्रजी मसुद्यात ‘इंडिपेंडंट रेस्टॉरंट’ हे शब्द पानोपानी येतात. अर्थ असा की कुठल्याही साखळीत नसलेलं, मालक स्वतः चालवतो ते. ‘स्वतंत्र उपहारगृह’ लिहून पाहिलं, पण कानाला खटकतं. ‘डायनिंग आउट’ आणि ‘मार्केट टाउन’ यांनाही नीट शब्द हवेत. शिवाय खाणावळ, भोजनालय, उपहारगृह, हॉटेल, रेस्टॉरंट, मेस हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

कोशचाळक

आधी शुद्धलेखन, कारण पुस्तिका छापली की चूक कायमची होते. ‘उपहार’ म्हणजे भेट, नजराणा. खाण्याचा शब्द ‘उपाहार’, म्हणजे उप + आहार. म्हणून उपाहारगृह आणि अल्पोपाहार. ‘अल्पोपहार’चा अर्थ ‘छोटीशी भेट’ होतो, तरी निमंत्रणपत्रिकांपासून पाट्यांपर्यंत तो सर्रास छापला जातो. बोलताना ‘पा’ आखूड होतो आणि तोच उच्चार कागदावर उतरतो, हे त्याचं कारण.

आणि उपाहार म्हणजे हलकं खाणं. पोहे, वडा, मिसळ, चहा मिळतो ते उपाहारगृह. पोळी-भाजी-वरण-भाताचं पूर्ण जेवण मिळतं ते भोजनालय किंवा खाणावळ. पाटीवर दोन्ही असेल तर ‘चहा, नाश्ता व जेवण’ असं साधं लिहावं.

‘डायनिंग आउट’ला ‘बाहेर जेवायला जाणे’. ‘बाहेरचं खाणे’ लिहू नका, तो निराळा प्रयोग आहे. त्यात घरी आणलेलं पार्सलही येतं आणि ‘बाहेरचं खाल्लं म्हणून पोट बिघडलं’ ही तक्रारही.

भटारखाना

खाणावळ आणि हॉटेल यांतला फरक पदार्थांपेक्षा व्यवहाराचा जास्त आहे.

खाणावळीत काय मिळेल हे मालक सकाळी ठरवतो आणि गिऱ्हाईक ‘एक ताट लावा’ एवढंच सांगतं. हॉटेलात गिऱ्हाईक ठरवतं, म्हणून तिथे ‘ऑर्डर’ असते. खाणावळीला वेळ असते, हॉटेलाला दिवस असतो. ‘जेवण तयार आहे’ ही पाटी दाराशी लागली की पहिली पोळी तव्यावर पडलेली असते. पाटी आत गेली की भाजी संपली, मग दार उघडं असलं तरी ताट मिळत नाही. पुस्तिकेत ‘उघडण्याची वेळ’ आणि ‘जेवणाची वेळ’ असे दोन रकाने वेगळे करा. अनोळखी माणूस इथेच फसतो. चारला जातो, खुर्च्या दिसतात, बसतो आणि चहाही मिळत नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी हिशोब बदलतो. भाजी, धान्य, जनावरं घेऊन आलेली माणसं पहाटे घरून निघालेली असतात, त्यामुळे नाश्ता लवकर सुरू होतो आणि दुपारचं ताट एरवीपेक्षा आधी संपतं. बाजाराचा वार गावागावाला वेगळा असतो, तो प्रत्येक नोंदीत हवाच.

कोशचाळक

‘खाणावळ’च्या घडणीकडे पाहा. मराठीत ‘-णावळ’ लागून कामाच्या पैशांचे शब्द होतात: सोनाराची घडणावळ, परटाची धुणावळ, शिंप्याची शिवणावळ, गिरणीची दळणावळ. दुसरीकडे ‘जेवणावळ’ आहे. तिथे पैशांचा संबंध नाही, माणसांच्या पंगती आहेत. खाणावळीत या दोन्ही बाजू एकत्र नांदतात: ओळीने बसणं आणि खाण्याचे पैसे मोजणं. जेवणावळीला आमंत्रण लागतं, खाणावळीला पैसे. इतका नेमका शब्द असताना ‘डायनिंग हॉल’कडे जायची गरज नाही.

ओलीसुकी

मग मेस म्हणजे खाणावळच का? आणि मुख्य प्रश्न राहिलाच: साखळीत नसलेल्या हॉटेलाला काय म्हणायचं? ‘स्वायत्त’ चालेल का?

बाजारदिवस

‘स्वायत्त’ विद्यापीठाला शोभतं. ‘स्वतंत्र’ही नको, कारण हॉटेलाच्या पाटीवर ‘स्वतंत्र’ शब्दाला आधीच काम दिलेलं आहे: ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’. ‘स्वतंत्र हॉटेल’ वाचून लोकांना बाजूला बांधलेली खोली आठवेल.

या अर्थाचं मराठी वाक्य पाट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं आहे: ‘आमची कुठेही शाखा नाही.’ त्यात तीन गोष्टी सांगून होतात. मालक इथेच आहे, चव इथलीच आहे, आणि याच नावाने दुसरीकडे कोणी विकत असेल तर त्याची जबाबदारी आमची नाही. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. एखादं हॉटेल नावाजलं की त्याच रस्त्यावर मिळत्याजुळत्या नावाची दोन निघतात आणि मग ‘जुने’, ‘मूळ’ ही विशेषणं पाटीवर चढतात. म्हणून नोंदीत पाटीवरचं नाव अक्षरशः उतरवा. ‘जुने’ गाळलं तर माणूस शेजारच्या दारात जाईल.

मला वाटतं, मराठीत विशेषणाची गरज उलट बाजूला आहे. नुसतं ‘हॉटेल’ म्हटलं की ते एका मालकाचंच, हे बाजारगावात गृहीत असतं. साखळीतलं असेल तर तेवढं ‘साखळी हॉटेल’ किंवा ‘अमक्याची शाखा’ म्हणा. इंग्रजी मजकुरातले दहांतले आठ ‘इंडिपेंडंट’ सरळ गाळा. उरलेल्या दोन जागी ‘मालक स्वतः चालवतात’ लिहा, पण ते खरं आहे का पाहून. हॉटेल चालवायला दिलेलं असेल तर मालक एक आणि चालक दुसरा असतो. चालक बदलला की आचारी बदलतो, आणि नाव तेच राहून चव जाते.

भटारखाना

मेसबद्दल. व्यवहार खाणावळीचाच, पण गिऱ्हाईक महिन्याचं. कॉलेज, बँक, तहसील यांच्या आसपास मेस असते. शब्द इंग्रजीतून आला. त्याचा मुळातला अर्थ वाढलेला पदार्थ, ताटातला वाटा असा होता, मग तो एकत्र जेवणाऱ्या सैनिकांच्या गटाला लागला.

मेसच्या व्यवहारातला खरा मराठी शब्द ‘खाडा’. न जेवलेल्या वेळेचा खाडा धरतात आणि महिन्याच्या पैशांतून वजा करतात. मात्र तो आदल्या दिवशी सांगावा लागतो, कारण कणीक आणि भाजी माणसं मोजून निघते. ऐन वेळी न आलेल्याचं अन्न शिजलेलंच असतं, म्हणून न सांगितलेला खाडा सहसा धरत नाहीत. एकाच वेळेचा धरतात की सलग काही दिवसांचाच, हे पैसे भरण्याआधी विचारावं. मेसवरची भांडणं चवीपेक्षा खाड्यावरून जास्त होतात.

एकदाच जेवणाऱ्याला मेसमध्ये ‘गेस्ट’ म्हणतात. त्याचं ताट थोडं महाग पडतं आणि आधी सांगितलं नाही तर मिळेलच असं नाही.

वाटी-चमचा

ताटाचे शब्दही पुस्तिकेत नीट यावेत. ‘राइस प्लेट’ या नावावरून बाहेरच्या माणसाला फक्त भात येईल असं वाटतं. प्रत्यक्षात पोळ्या किंवा पुऱ्या, दोन भाज्या, आमटी किंवा वरण, भात, पापड, लोणचं असा ठरलेला संच येतो. भात त्यातला एक भाग.

‘लिमिटेड’ आणि ‘अनलिमिटेड’ यांत मर्यादा कशाला, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. लिमिटेडमध्ये पोळ्या आणि भात मोजून, पण आमटी अनेकदा पुन्हा वाढतात. अनलिमिटेडमध्ये पोळी-भाजी पुन्हा पुन्हा, पण गोड पदार्थ आणि पापड एकदाच. बसण्यापूर्वी एवढंच विचारा: पोळ्या किती, भाजी पुन्हा मिळते का, गोड धरून आहे का? अनलिमिटेड ताटात दोघांनी जेवू नये. तसं केलं तर दुसरं ताट लावतात आणि ते रास्तच आहे.

मिसळीबरोबर जास्तीचा रस मागतानाही शब्द बदलतो. पुण्याकडे ‘सँपल’, कोल्हापूरकडे ‘कट’, विदर्भात ‘तर्री’. तर्री म्हणजे मुळात वर तरंगणारा तेलाचा लाल थर, म्हणून ‘तर्री कमी’ म्हटलं की तिखट-तेल दोन्ही कमी येतं. पुस्तिका ज्या भागाची आहे तिथलाच शब्द छापा.

कोशचाळक

‘हॉटेल’ शब्दाला कमी लेखणारे असतात, ‘हॉटेल म्हणजे राहायची जागा, जेवायची ती रेस्टॉरंट’ असं सांगणारे. इंग्रजीत असेल. मराठीत हॉटेल म्हणजे चहा-नाश्ता-जेवणाची जागा आणि राहायची ती लॉज, हा अर्थ पक्का बसलेला आहे. फ्रेंचमधून आलेला हा शब्द लॅटिनमधल्या पाहुण्याच्या निवाऱ्यापर्यंत जातो. पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेलं ‘इस्पितळ’ही त्याच मुळाचं. ‘रेस्टॉरंट’ तर पॅरिसमध्ये आधी ताकद भरून आणणाऱ्या कढणाला म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते विकणाऱ्या जागेला तेच नाव पडलं.

‘लॉजिंग-बोर्डिंग’मधलं बोर्डिंग म्हणजे जेवण. पण मराठीत नुसतं ‘बोर्डिंग’ म्हटलं की विद्यार्थ्यांचं वसतिगृह. कोल्हापुरात 1901 साली राजर्षी शाहूंच्या पुढाकाराने सुरू झालेलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच अर्थाचं. तेव्हा लॉजच्या नोंदीत ‘बोर्डिंग’ लिहू नका, ‘जेवणाची सोय आहे’ लिहा.

‘मार्केट टाउन’ला ‘बाजारगाव’ चांगलं. जुना शब्द हवा असेल तर ‘कसबा’. महसुली कागदांत साधं खेडं ते ‘मौजे’ आणि पेठ असलेलं मोठं गाव ते ‘कसबे’. नाशिक जिल्ह्यात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे, कोल्हापूर जिल्ह्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव अशा जोड्या अजून नांदतात.

खतावणी

बिलाचे शब्द राहिले. ‘सेवाकर’ आणि ‘सेवाशुल्क’ हे दोन शब्द एक समजले जातात आणि त्यात गिऱ्हाइकाचं नुकसान होतं. सेवाकर सरकारचा होता. 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला आणि तो त्यात विलीन झाला. सेवाशुल्क म्हणजे सर्विस चार्ज, ही हॉटेलाने स्वतः लावलेली रक्कम. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत ते बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. बिलात आलंच तर काढायला सांगा. तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक 1915. खुशीने द्यायची ती ‘बक्षिसी’, आणि ती बिलाबाहेरच.

एका मालकाच्या छोट्या हॉटेलांत आणखी एक प्रकार आढळतो. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर हॉटेल वस्तू व सेवा कराची ‘कंपोझिशन’ योजना घेऊ शकतं. मग उलाढालीवर 5 टक्के कर मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही. अशा हॉटेलाच्या बिलावर ‘बिल ऑफ सप्लाय’ लिहिलेलं असतं आणि कर गोळा करायला पात्र नसल्याची ओळही असावी लागते. तरी खाली 5 टक्के वेगळे जोडले असतील तर ते चूक. दारू विकणाऱ्या हॉटेलाला ही योजना मिळत नाही, त्यामुळे परमिट रूमच्या जेवणाच्या बिलावर कर सहसा वेगळा दिसतो.

ओलीसुकी

‘परमिट रूम’ मराठीत करावं का?

बाजारदिवस

नको. ‘परवाना कक्ष’ छापलं तर लोक तहसील कचेरीत गेल्यासारखं वाचतील. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडेही परवाना लागतो, त्यावरून हे नाव. माहितीच्या दृष्टीने महत्त्वाचं ते ‘फॅमिली’. बाजारगावात ‘परमिट रूम व फॅमिली रेस्टॉरंट’ अशी जोडपाटी असेल तर दोन्हींचं दार एकच आहे की वेगळं, ते बघून लिहा. मुलाबाळांना घेऊन येणारा माणूस तेवढंच शोधत असतो. वेगळं असेल तर ‘फॅमिलीचं दार अमक्या बाजूने’ हे एक वाक्य पदार्थांच्या यादीच्या आधी यावं.

ओलीसुकी

एक नोंद अशी केली आहे, बघा:

‘खाणावळ. बाजारपेठेत, बाजार समितीच्या फाटकासमोर. मालक स्वतः चालवतात, कुठेही शाखा नाही. जेवणाची वेळ दुपारी 11 ते 2:30, बाजाराच्या दिवशी दीडपर्यंत ताट संपतं. लिमिटेड ताट: तीन पोळ्या, दोन भाज्या, आमटी, भात. आमटी पुन्हा मिळते. महिन्याची सोय आहे, खाडा आदल्या दिवशी सांगावा. पैसे गल्ल्यावर द्यावेत.’

कोशचाळक

छान झाली. ‘दुपारी 11’ऐवजी ‘सकाळी 11’ करा. ‘गल्ला’ ठेवलात हे फार बरं. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ धान्य, पीक, उत्पन्न. हिंदीत धान्यबाजाराला अजून ‘गल्ला मंडी’ म्हणतात, आपल्याकडे धान्य गेलं आणि पैशांची पेटी राहिली. बाजार समितीसमोरच्या खाणावळीला याहून जवळचा शब्द मिळणार नाही.

वाटी-चमचा

‘पोळ्या’ की ‘चपात्या’, तेही तिथल्या फळ्यावर पाहून घ्या. फळ्यावर चपाती असेल तर नोंदीतही चपातीच हवी. ‘पोळी’ वाचून काहींना पुरणपोळीची अपेक्षा असते.