एटीएमने रुपयांत विचारलं, तर नाही म्हणा

ग्रुपवर एकानं विचारलंय: काकांना बँकॉकला जायचंय, तर इथं कोल्हापुरात राजारामपुरीतून सगळे बाट (थायलंडचं चलन) घ्यावेत की तिथं एटीएममधून काढावेत? उत्तरं देणारे सगळे बँकेच्या मार्कअपवरच, म्हणजे परदेशी चलनातल्या व्यवहारावर आपली बँक लावते त्या जादा आकारावरच बोलतायत. तो लागतोच, साधारण 2 ते 3.5 टक्के, वर जीएसटी. खरी मेख मशीनच्या पडद्यावर असते. पैसे यायच्या आधी तो विचारतो, ‘रुपयांत रक्कम कापू का?’ आपल्याला वाटतं, बरं झालं, हिशेब कळतोय. पण तो दर व्हिसा-मास्टरकार्डचा नसतो, मशीनवाल्यानं लावलेला असतो आणि बहुतेकदा महागच. ‘विदाउट कन्व्हर्जन’, म्हणजे रुपयांत न बदलता बाटमध्येच कापा, हे दाबायचं. व्यवहार रद्द होत नाही, पैसे येतात.

शिवाय थायलंडात परदेशी कार्डावर दर वेळी 220 बाट किंवा जास्तच कापतात. 2,000 काढले तर 11 टक्के तिथंच गेले भावा, 20,000 ला तेच 1.1. म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. क्रेडिट कार्डावर रोख नकोच, व्याज त्याच दिवसापासून चालू.

टॅक्सीपुरते बाट इथूनच न्या. आणि कार्डाचा परदेशी वापर अ‍ॅपमधून चालू करून घ्या, नव्या कार्डांवर तो बंदच असतो.