सतरा मिनिटांच्या फिल्मचे दोन तास करायचेच कशाला?

कात्री:
मी अंधेरीत संकलनाचं काम करतो. जे घडलं ते माझ्याच टेबलावर घडलं, म्हणून मांडतोय.

माझ्या मित्राने सतरा मिनिटांची शॉर्टफिल्म केली होती. लालबागच्या चाळीतला रिटायर झालेला बस कंडक्टर. मशीन यायच्या आधीच्या काळातला, म्हणून तिकिटाचा पंच अजून जवळ बाळगलेला. पहाटे पाचला उठून तो कॉटच्या लोखंडी दांडीवर पंच वाजवतो, टक टक, आणि बायको चहा टाकायला उठते. शेवटी खोलीत एकटी बायको आहे. पाच वाजतात. ती उशीखालून पंच काढते आणि दांडीवर दोनदा वाजवते. संपलं. तो क्लोजअप मी अकरा सेकंद ठेवला होता आणि त्या अकरा सेकंदांत थिएटरमध्ये कुणी खोकलंही नव्हतं.

दोन-तीन महोत्सवांत बक्षिसं मिळाली आणि एक निर्माता आला. "याची फीचर करू." म्हणजे पूर्ण लांबीचा सिनेमा. मग दुबईचा मुलगा आला, संपाचं प्रकरण आलं, तरुणपणीचं प्रेम आणि एक पावसातलं गाणंही आलं. पंच त्याला इतका का प्रिय, यावर तर चार मिनिटांचा संवाद आला. एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटच्या क्लोजअपला सांगायला काही उरलंच नाही. मी तो कापून तीन सेकंदांवर आणला. तेव्हा हात जड झाला होता.

गाजलेल्या शॉर्टफिल्मला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

विंगेतून:
वाईट वाटलं वाचून, पण सहमत नाही. आपण एकांकिकांवर वाढलेली माणसं. देवेंद्र पेम यांचं 'ऑल द बेस्ट' आधी एकांकिकाच होतं. त्याचं दोन अंकी नाटक झालं आणि अख्ख्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतलं. स्पर्धेतली चाळीस मिनिटं व्यावसायिक रंगमंचावर नेताना काय वाढवायचं आणि काय नुसतं ताणलं जातंय, हे तालमीत कळतं. तुमच्या मित्राची फिल्म ताणली गेली. तो लिहिणाऱ्याचा दोष आहे, फीचर करण्याचा नाही.

आणि 'व्हिपलॅश'चं काय? २०१३ मध्ये अठरा मिनिटांची शॉर्टफिल्म अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात गाजली, पुढच्याच वर्षी फीचर आली आणि तीन ऑस्कर घेऊन गेली. त्यातलं एक संकलनाचं होतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

कात्री:
'व्हिपलॅश'चं उदाहरण हमखास येतं, आणि ते इथे लागू होत नाही. डेमियन शझेलची फीचरची पटकथा आधीच लिहून तयार होती. पैसा उभा राहत नव्हता, म्हणून तिच्यातला एक प्रसंग काढून शॉर्टफिल्म केली. म्हणजे तो मासला होता. साडीवाला पदर उलगडून दाखवतो, त्याचा अर्थ साडी पदरापासून वाढवली असा होत नाही. माझ्या मित्राची गोष्ट सतरा मिनिटांतच पूर्ण होती.

पहिला बाक:
पूर्ण होती हे मान्य. पण ती सतरा मिनिटं पाहिली किती जणांनी?

मी कल्याणला राहते, दोन शॉर्टफिल्म केल्यात, स्वतःच्या पैशाने. पेडर रोडला मिफमध्ये, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, दुपारच्या खेळाला बसते तेव्हा भरून येतं. लोक पायऱ्यांवर बसून पाहतात, नंतर बाहेर तासभर बोलतात. मिफ १९९० पासून चालू आहे म्हणून आमच्यासारख्यांना निदान पडदा तरी दिसतो. पण तिकीट काढून शॉर्टफिल्म बघायची सोय या शहरात रोजच्या रोज कुठे आहे? कॅमेऱ्याचं भाडं, साउंडवाल्याचे पैसे, युनिटचं जेवण, सगळं जातं आणि परत काही येत नाही. डेव्हिड सँडबर्गने 'लाइट्स आउट' ही तीन मिनिटांचीही नसलेली भयपटाची चिमुकली फिल्म केली आणि २०१६ मध्ये त्याच्याच हातून तिची फीचर झाली. त्याला दार उघडलं ते त्या तीन मिनिटांनी. उद्या मला कुणी विचारलं, तर मी नाही म्हणणार नाही. घरभाडं भरणाऱ्या माणसाला शुद्धतेच्या गोष्टी सांगू नका हो.

गिरगावकर:
ताई, दार उघडायला तीच फिल्म ताणावी लागते असं नाही. उमेश कुलकर्णीची 'गिरणी' आठवा. घरात पिठाची गिरणी येते, पोरगा आधी हरखतो आणि मग तो आवाज त्याच्या डोक्यात घुमायला लागतो. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्याने 'गिरणी' दोन तासांची केली नाही, २००८ मध्ये 'वळू' केला. नागराज मंजुळेंच्या 'पिस्तुल्या'लाही राष्ट्रीय पुरस्कार होता. त्यानंतर 'फँड्री' आला. वेदना त्याच मातीतली, पण गोष्ट नवी. शॉर्टफिल्म पाहून आलेल्या निर्मात्याला दुसरी पटकथा देता आली पाहिजे.

पहिला बाक:
द्यायला माझ्याकडे आहे. निर्माते विचारतात ती बक्षीस मिळालेलीच.

विंगेतून:
अजून एक वाट राहिली. 'ला जेते', १९६२, अठ्ठावीस मिनिटं, जवळजवळ सगळी स्थिरचित्रांची. १९९५ मध्ये टेरी गिलियमने तिच्यावरून 'ट्वेल्व्ह मंकीज' केला. त्याने मूळ फिल्म लांबवली नाही. बी घेतलं आणि दुसऱ्या जमिनीत लावलं. आज दोन्ही पाहता येतात आणि एकीमुळे दुसरी उणी वाटत नाही. कात्री, तुमच्या मित्राला तो कंडक्टर नव्या माणसाच्या नजरेतून दाखवू दिला असता तर? दुबईच्या मुलाऐवजी, समजा, त्याच चाळीतल्या झोप मोडणाऱ्या शेजाऱ्याच्या?

कात्री:
शेजाऱ्याची कल्पना खरंच चांगली आहे. रोज पाचला झोप मोडते म्हणून चिडणारा माणूस आणि एक दिवस आवाज न आल्यावर धास्तावलेला. तो दोन तास पेलेल, हे मान्य करतो. माझं 'हात लावू नये' थोडं मागे घेतो. पण हे सुचायला वेळ लागतो, आणि आमच्याकडे निर्मात्याने शूटिंगची तारीख आधी ठरवली होती.

पहिला बाक:
मित्र काय करतोय आता?

कात्री:
फीचर आठवडाभर लागली होती, सकाळचा एक खेळ. तो महिनाभर कुणाशी बोलला नाही. पण त्या फीचरच्या पैशातून आईचं ऑपरेशन झालं, हेही इथे लिहायला हवं. तुमचा मुद्दा म्हणून लिहितोय, ताई. सध्या नवीन शॉर्टफिल्म लिहितोय, बारा मिनिटांची.

पहिला बाक:
ती सतरा मिनिटं मला बघायला मिळतील का?

कात्री:
त्याला विचारून लिंक पाठवतो. हेडफोन लावून बघा. मोबाइलच्या स्पीकरवर पंचाचा दुसरा ठोका नीट ऐकू येत नाही.