अ‍ॅक्सिलरेटर दाबला की 'कर्र': पेडल, केबल की थ्रॉटल?

पेट्रोलगंध: जुनी पेट्रोल हॅचबॅक, केबलवाली. पेडल साधारण एक तृतीयांश दाबलं की 'कर्र' होतं, सोडतानाही त्याच जागी. इंजिन बंद असलं तरी येतं. पावसाळ्यापासून वाढलंय, पेडलही जरा जड झालंय. गॅरेजवाला म्हणतो डब्ल्यूडी-४० मारतो, जाईल. मारू द्यावं का?

दहाचा पाना: स्प्रे नंतर. इंजिन बंद असताना येतो, म्हणजे बेल्ट, माउंटिंग, सायलेन्सरची हीट शील्ड सगळं बाद. ते आवाज रेसबरोबर बदलतात. आधी मॅट काढा. जाड रबरी मॅटची कड पेडलला घासली तरी असाच आवाज येतो. मग बॉनेट उघडून थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) चाकतीतून केबलचं टोक सोडवा. चाकती हाताने फिरवा. ती अडखळता कामा नये आणि सोडली की फटकन बंद व्हायला हवी. अडखळली तर आत कार्बन साचलाय, थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि कापड घ्या. ती ठीक असेल तर केबल पेडलच्या बाजूनेही काढा आणि नुसतं पेडल हलवा. तेव्हाही कर्र आलं तर पिव्हटचा (पेडल ज्यावर फिरतं तो सांधा) बुश कोरडा किंवा पिन गंजलेली. नाही आलं तर केबलच.

घाटरस्ता: जाता-येता एकाच जागी आवाज, त्यात पेडल जड, यावरून मला तरी केबलच वाटते. आतल्या तारेचा एखादा पदर तुटला की तो आवरणाच्या आत खरवडत जातो. केबल बाहेर आहेच, तर आतली तार पुढेमागे ओढत तिच्या उघड्या भागावरून जुनं सुती फडकं फिरवा. पदर तुटला असेल तिथे धागा अडकतो. बोट फिरवू नका, सुईसारखं टोचतं. पदर बहुधा निपलपाशी (तारेच्या टोकाची धातूची गुंडी) किंवा केबल फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बाहेर पडून वळते तिथे तुटतो. एक जरी तुटलेला सापडला तरी तेलपाणी न करता केबल बदला. पदर आवरणात अडकला तर थ्रॉटल उघडाच राहतो. चालत्या गाडीत तसं झालंच तर न्यूट्रल टाका, ब्रेक घट्ट दाबा, किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. नवी केबल बसवताना दोन-तीन मिमी ढील ठेवा, आणि पेडल तळाला टेकल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतो ना ते दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या.

दहाचा पाना: बरोबर. आणि डब्ल्यूडी-४० बद्दल: नावातला डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं. चार दिवस आवाज दबतो, मग ते उडून जातं आणि वर धूळ चिकटते. प्लॅस्टिकच्या बुशला सिलिकॉन स्प्रे, लोखंडी पिनला पांढरं लिथियम ग्रीस, तेही तांदळाएवढं. नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलमध्ये काहीच घालू नका.

किल्लीवाला: माझी ऑटोमॅटिक आहे, केबलच नाही. पेडल पूर्ण दाबलं की शेवटी 'टक' होतं. आणि इंजिन बंद, इग्निशन ऑन असताना दाबलं की बॉनेटमधून बारीक घुंघुं.

घाटरस्ता: टक बहुतेक किकडाउनचा (पेडल तळाला दाबलं की गिअर खाली उतरवायची खूण) असेल, मुद्दाम ठेवलेला असतो. घुंघुं थ्रॉटलच्या मोटरचं. दोन्ही नॉर्मल. मात्र असं पेडल उघडून आत तेल सोडू नका. पायाला जडपणा जाणवावा म्हणून त्यात मुद्दाम घर्षण ठेवलेलं असतं आणि ते बिघडलं की प्रकरण गंभीर होतं. जानेवारी २०१० मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या पेडल अडकण्याच्या तक्रारीवरूनच परत बोलावल्या. त्या घर्षणाच्या यंत्रणेत पोलादी पट्टी बसवून दुरुस्ती केली. तुमचं पेडल करकरायला लागलं, सावकाश वर यायला लागलं किंवा स्कॅनरवर पी२१३८ हा कोड (पेडलच्या दोन सेन्सरांचे आकडे जुळत नाहीत) दिसला, तर आधी कनेक्टरमध्ये गंज किंवा पाणी आहे का बघा, तो स्वच्छ असेल तर पेडल अख्खं बदला.

पेट्रोलगंध: फडकं अडकलं. निपलपासून चार बोटांवर दोन पदर तुटलेत. केबल मागवली.

दहाचा पाना: येईपर्यंत गाडी उभी ठेवा. नवी आणाल तेव्हा जुनीशेजारी धरून लांबी जुळवा. एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांना वेगळी असू शकते.