गटारीचे किस्से : हसावं की आवरावं?

तिखटमीठ
आषाढी अमावस्या जवळ आली. घराघरांत समया-निरांजनं चिंचेनं घासून निघतील, कणकेचे दिवे उकडले जातील, आणि त्याच घरांतल्या पुरुषांच्या ग्रुपवर गटाराच्या झाकणाला मिठी मारून झोपलेल्या माणसाची चित्रं फिरतील. त्यावर दरवर्षी तेच भांडण होतं : पिऊन केलेल्या तमाशाचे किस्से विनोदी की किळसवाणे?

मी विनोदाच्या बाजूनं आहे. दारुड्याचा चांगला किस्सा दारूचा नसतोच, अब्रूचा असतो. माणूस आपली अब्रू जिवाच्या आकांतानं सांभाळत असतो आणि त्याच धडपडीत ती जाते. असा किस्सा रचायला चार गोष्टी पुरतात. आधी शपथ ("आज फक्त दोन"). मग बिनतोड वाटणारा तर्क ("रिक्षा फिरतेय, मी सरळ आहे"). मग एक हट्टी वस्तू, म्हणजे चावी, चप्पल, बाइकचा स्टँड, नाहीतर दुसऱ्या मजल्यावरचं भलतंच दार. शेवटी सकाळ. नुकसान फक्त पिणाऱ्याचं. दुसऱ्या कुणाला भीती वाटली, मार बसला, की किस्सा तिथेच बाद.

'एकच प्याला' बघा. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीनं ते नाटक रंगभूमीवर आणलं. दारूवरचं मराठीतलं सर्वांत काळंकुट्ट नाटक, आणि त्यातच आर्य मदिरा मंडळाची ती अचाट तर्कशास्त्रं! बाळकरामाला (विनोद लिहिताना गडकऱ्यांनी घेतलेलं टोपणनाव) त्यात विसंगती दिसली नाही. आपल्याला का दिसावी?

रातपाळी
दिसावी, कारण तुमचा किस्सा नेहमी चुकीच्या जागी कापलेला असतो. "मग तो सोफ्यावर आडवा झाला, आम्ही फोटो काढले आणि झोपलो." हशा. अपघात विभागाचं काम नेमकं याच वाक्यानंतर सुरू होतं.

हिशेब करा. ६० मिलीचा एक लार्ज, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं. त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण २० ग्रॅम. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅमच्या आसपास निकालात काढतं. पाच लार्ज म्हणजे १०० ग्रॅम, म्हणजे दहा ते चौदा तासांचं काम. शिवाय शेवटचे दोन पेग अजून पोटात असतात, त्यामुळे माणूस आडवा झाल्यावरही रक्तातलं प्रमाण काही काळ चढतच राहतं. घशाची आपोआप होणारी राखण मंदावलेली असते. उताणा असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत उतरते.

आणि किस्स्यांतले ते उपाय! थंड पाण्याची बादली : अंग गार पडतं, बाथरूममध्ये डोकं आपटतं. कॉफी : पिलेला तितकाच राहतो, फक्त जागा राहतो. लिंबूपाणी अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात ओतलं तर ठसका थेट छातीत जातो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं सगळ्यांत वाईट, रक्तातलं सोडियम चढून झटके येऊ शकतात.

करायचं ते एवढंच. कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवा, वरचा हात गालाखाली, तोंड किंचित जमिनीकडे. दर दहा-पंधरा मिनिटांनी श्वास मोजा. मिनिटाला आठाहून कमी, दोन श्वासांत दहा सेकंदांहून मोठी फट, ओठ निळसर, किंवा चिमटा काढून हालचाल नाही, तर १०८. आधी कुठे पडला असेल आणि आता घोरतोय, तर "चढलीय" म्हणून सोडू नका. दारूच्या वासाखाली मेंदूतला रक्तस्राव लपतो आणि मधुमेह्याची उतरलेली साखरही.

चकणा
डॉक्टर, सलाम. पण या न्यायानं केळ्याच्या सालीवर घसरणाऱ्या माणसालाही हसायचं नाही, खुब्याचं हाड मोडतं म्हणून. किस्सा म्हणजे केसपेपर नव्हे हो.

रातपाळी
केळ्याची साल मित्र आग्रह करून पायाखाली सरकवत नाहीत.

रंगपट
रंगमंचाच्या बाजूनं थोडं. नवखा नट दारुड्या म्हणून उभा राहिला की आधी झोकांड्या खातो, मग उचक्या देतो. दुसऱ्या उचकीला प्रेक्षागृह थंड. कारण खरा पिलेला माणूस दारुड्याचं सोंग करत नाही, तो शुद्धीतल्या माणसाचं सोंग करतो. पाय नेहमीपेक्षा फाकून टाकतो, कारण तोल सांभाळणारा लहान मेंदू सुस्तावलेला असतो. नजर एका बिंदूला खिळवतो. वाक्य बोलण्याआधी क्षणभर थांबतो आणि शब्द गरजेपेक्षा स्पष्ट उच्चारायला जातो, तिथेच 'स', 'र', 'ळ' फसतात. एका प्रवेशात तोल दोनदा, फार तर तीनदा जावा, आणि दर वेळी त्यानं "मुद्दामच वाकलो होतो" असं दाखवावं. हशा त्या दाखवण्याला असतो, तोल जाण्याला नव्हे.

हे जमायला प्यावं लागत नाही. जॉनी वॉकर, म्हणजे पूर्वाश्रमीचे बेस्टचे कंडक्टर बद्रुद्दीन काझी, पडद्यावर जन्मभर झिंगले आणि प्रत्यक्षात थेंब घेतला नाही.

आता तिखटमीठ यांना टोचणारं. हशा कुठे तुटतो हे नटाला बरोबर कळतं : हात खांद्याच्या वर गेला की. रंगमंचावर लहान मूल उभं असेल तर त्याहूनही आधी. म्हणून प्रहसनवाल्यांनी एक सोपी पळवाट काढली, लाटणं घेतलेली बायको. मारणारी तीच, मार खाणारा तो. प्रेक्षक निर्धास्त हसतात, कारण माराची दिशा उलटी करून ठेवलेली असते. मला त्या झिंगलेल्या नवऱ्याचं काही वाटत नाही. ते लाटणं मात्र खोटं आहे.

आडवी_बाटली
रंगपट, लाटण्यावर बोललात ते बरं केलंत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे मोजलेलं आहे : ज्यांचा नवरा वारंवार झिंगतो त्या बायकांमध्ये मारहाण सोसलेल्यांचं प्रमाण न पिणाऱ्यांच्या बायकांच्या जवळपास तिप्पट. लाटणं कुणाच्या पाठीत बसतं ते एवढ्यावरून समजा.

तिखटमीठ म्हणतात नुकसान फक्त पिणाऱ्याचं. त्यांच्याच चार भागांतली 'सकाळ' घ्या. चादर कोणी धुतली? बेसिन कोणी साफ केलं? खिशात पगारातलं किती उरलं ते कोणी चाचपलं, आणि कामावर "ताप आहे" असा फोन कोणी केला? हे सगळं घडतं, पण किस्स्यात येत नाही, कारण सांगणारा तेव्हा झोपलेला असतो.

गावात बाटली आडवी करायला, म्हणजे दारूचं दुकान मतदानानं बंद पाडायला, काय लागतं तेही ऐका. आधी पाव महिला मतदारांच्या सह्या. त्यांची पडताळणी. मग गुप्त मतदान, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आणि बहुमत झालेल्या मतांचं नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त हवं. लग्न होऊन गेलेली मुलगी, ऊसतोडीला गेलेली सून, वारलेली आजी, नाव यादीत असलं की सगळ्या दुकानाच्या बाजूनं मोजल्यासारख्याच. म्हणून सह्यांच्या आधी मतदार यादी दुरुस्त करून घ्यायची आणि तोडीच्या हंगामात तारीख पडू द्यायची नाही. एवढं करून मतदानाला निघालेल्या बाईला पारावरचे लोक गमतीनं विचारतात, "वहिनी, काल कुठल्या नाल्यातून आणलंत दादांना?" तो प्रश्नही तुमच्या हिशेबात विनोदच ना?

कोर्टाची_पायरी
कायद्याचं थोडक्यात. नशेत सार्वजनिक जागी लोकांना त्रास दिला तर १८६० च्या भारतीय दंड संहितेत शिक्षा होती २४ तासांपर्यंत साधी कैद, किंवा १० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे १० रुपये थेट जून २०२४ पर्यंत टिकले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ आलं : कैद तेवढीच, दंड १,००० रुपयांपर्यंत, किंवा समाजसेवेची शिक्षा. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याचं कलम ८५ वेगळं. दीडशेहून जास्त वर्षं कायद्यानंच हा प्रकार १० रुपयांचा मानला, तर लोकांनी हसण्यावारी नेला यात नवल नाही.

मात्र "नशेत होता बिचारा" हा बचाव कोर्टात चालत नाही. स्वतःहून प्यायला असेल तर जाणीव शुद्धीतल्या माणसाइतकीच धरली जाते. गाडीचा किस्सा तर सांगूच नका : १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पणजीकर
गोव्याकडून. तियात्रातला, म्हणजे आमच्या कोकणी नाटकातला, बेबदो (दारुडा) आम्हांला हसवतो, कारण तो वाड्यावरचाच असतो, सगळे त्याला ओळखतात आणि त्याची बायको पुढच्याच प्रवेशात त्याचं सगळं काढते. किनाऱ्यावर येऊन बाटल्या फोडणाऱ्यांचे किस्से तुमच्याकडे परतीच्या बसमध्ये रंगतात. इथे त्यांची वाळूतली काच दुसऱ्या दिवशी रापणीची जाळी ओढणाऱ्यांच्या तळव्यात निघते. उर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, घ्या, उन्हाळ्यात घ्या, बसून घ्या. उभ्यानं नाचत घ्यायचं पेय नव्हे ते.

आजचा_दिवस
व्यसनमुक्तीच्या कामातून दिसणारी बाजू कुणी मांडली नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेबाहेर उभे राहिलात तर आतून सात मजली हसू ऐकू येईल. तिथे माणसं हेच किस्से सांगतात : भलतंच दार, हरवलेली चप्पल, पोलीस चौकीतली भाषणं. पण सांगणारा स्वतः, आणि क्रम ठरलेला : तेव्हा कसा होतो, काय घडलं, आता कसा आहे. तिसरा भाग असतो म्हणून पहिल्यावर हसता येतं. कुटुंबीयांची सभा, अ‍ॅलनॉन, वेगळी भरते. तीच रात्र तिथे सांगितली जाते तेव्हा हशाच्या जागा वेगळ्या असतात.

मित्रांच्या बैठकीत उलटं होतं. "मला काहीच आठवत नाही" हे बहुतेक वेळा खरं असतं. रिकाम्या पोटी, घटाघटा प्यायलं की रक्तातलं प्रमाण झपाट्यानं चढतं आणि मेंदूतलं आठवण साठवणारं काम बंद पडतं. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण नोंद होत नाही. मग त्याची रात्र त्याला मित्र सांगतात, टाळ्यांसकट. पुढे डॉक्टरांनी विचारलं तर हीच टाळी ढाल होते : "सगळे हसतात, म्हणजे एवढं काही नाही." जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' चाचणी आहे, ८ किंवा जास्त गुण पडले तर पिणं धोक्याच्या पातळीवर. तिचा आठवा प्रश्न असा, की गेल्या वर्षभरात पिण्यामुळे आदल्या रात्रीचं आठवलं नाही असं किती वेळा झालं. तुमच्या निम्म्या किस्स्यांचा शेवटचा षटकार म्हणजे हाच आठवा प्रश्न.

मी हसणं बंद करा म्हणत नाही. ज्याची गोष्ट त्यानं, शुद्धीत, आपणहून सांगितली तर हसा. त्याच्या लग्नात माईकवर दुसऱ्यानं सांगितली तर ती चहाडी.

तिखटमीठ
आजचा_दिवस, मालकीचा मुद्दा जोरकस आहे, पण पुरता पटत नाही. ज्याचा त्यानंच सांगायचा नियम केला तर लोककथा, वग, कीर्तनातलं आख्यान सगळंच गोठेल. नाव-गाव नसलेला 'एक माणूस' पिऊन घरी आला, एवढी मोकळीक हवीच. व्हिडिओ वेगळा, त्यात चेहरा असतो. तिथे मी तुमच्या बाजूला.

आडवी_बाटली ताई, लाटणं काढून, बाईला जागी ठेवून एक रचतो. बघा :

एक माणूस रात्री एक वाजता घरी आला. दारावर हळूच टकटक. आतून आवाज, "कोण?" तो कुजबुजला, "हळू बोला, माझी बायको झोपलीय." ती म्हणाली, "थांबा हं, उठली का बघून येते." आत जाऊन झोपली. सकाळी दूधवाला आला तेव्हा हा दारापाशी हात बांधून उभा. म्हणाला, "जरा थांब, आत बघायला गेल्यात."

आडवी_बाटली
हसले, नाकारत नाही. पण कडी आतून तिच्या हातात आहे म्हणून हसले. ज्या घरात तो दार लाथेनं उघडतो तिथे हा किस्सा कुणी सांगून दाखवावा.

चकणा
ताई हसल्या! धागा सार्थकी लागला, आता कुलूप लावा.

रातपाळी
कुलूप नंतर. आषाढातला पाऊस, एक ते सहा, पाच तास उभा, अंगात किती गेलीय माहीत नाही आणि बाजूला जिना. तिखटमीठ, मधे एकदा तिला दार उघडून बघायला लावा. आणि उभा नको, भिंतीला टेकवून बसवा, जिन्यापासून लांब.