झारने दिलेले आणि काढून घेतलेले
रशियाचा झार (सम्राट) निकोलस दुसरा याने असंतोष केवळ बंदुकीच्या जोरावर दाबला, असे म्हटले जाते; हे मत मला अपुरे वाटते. जानेवारी १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला अर्ज घेऊन निघालेल्या कामगारांवर गोळीबार झाला हे खरेच. पण ऑक्टोबरच्या संपाने रेल्वे ठप्प होताच त्याच झारला जाहीरनामा काढून नागरी हक्क आणि निर्वाचित द्यूमा (संसद) मान्य करावी लागली. घातक ठरले ते पुढचे वर्तन. पहिली द्यूमा जेमतेम अडीच महिन्यांत बरखास्त झाली. १९०७ मध्ये दुसरीही गेली आणि लगोलग निवडणूक कायदा बदलून जमीनदारांचे पारडे जड करण्यात आले. मधल्या काळात पंतप्रधान स्टोलिपिनची लष्करी न्यायालये दोन दिवसांत खटला उरकून चोवीस तासांत देहदंड अमलात आणत होती. सनदशीर मार्गावर विसंबलेले मवाळ यात तोंडघशी पडले, आणि राजसत्तेचे खरे नुकसान मला तेच वाटते.