मदत हवी आहे: जीआरईत आकडे घालून बघणं कुठे थांबवायचं?

जीआरई (परदेशात पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रवेशासाठीची परीक्षा) दिलेल्यांना विचारायचंय. तुलनेच्या प्रश्नांत (समजा, क्ष मोठा की क्षचा वर्ग?) मी ०, १, ऋण संख्या, अपूर्णांक घालून बघते. क्ष २ धरला तर वर्ग मोठा, १/२ धरला तर क्ष मोठा, म्हणजे ठरवता येत नाही. इथवर ठीक. पण दरवेळी एकच बाजू मोठी येत राहिली तर थांबायचं कधी? गणिताच्या पहिल्या विभागात १२ प्रश्नांना २१च मिनिटं, बीजगणितानं सिद्ध करत बसायला वेळ कुठला!

शाब्दिक भागात तीन रिकाम्या जागांचा प्रश्न छळतो. एक शब्द चुकला की अख्खा प्रश्न गेला. तुम्ही पहिल्या जागेपासून सुरुवात करता, की जिथे ‘तरीही’, ‘उलट’ असा धागा सापडतो तिथून? शब्द पाठ करायचा सल्ला मात्र नको, ते चालूच आहे.