एक वर्षाचा कॅश सरसकट लावायचा का?

विषमसंख्या:
एनजिनएक्स या वेब सर्व्हरसाठी कॉन्फिगचा एकच तुकडा (स्निपेट) सगळीकडे फिरतोय: ‘लोकेशन /’ मध्ये ‘एक्स्पायर्स १वाय;’ टाका, ब्राउझर फाइल वर्षभर स्वतःकडे साठवून (कॅश) वापरेल, साइट पळायला लागेल. माझा याला साफ विरोध. मॅक्स-एज=३१५३६००० (वर्षाचे सेकंद) पाठवलं की फाइल ब्राउझरच्या ताब्यात गेली. नंतर सर्व्हरवर काहीही बदला, तो विचारायलाच येणार नाही. ज्या फाइलच्या नावात हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला आणि मजकूर बदलला की बदलणारा कोड, आहे (ॲप.७एफ३सी.जेएस अशी), तिलाच वर्षभर द्या. बाकी सगळ्यांना, एचटीएमएलला तर नक्कीच, ‘नो-कॅश’. फाइल साठते, फक्त वापरण्याआधी ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) दाखवून सर्व्हरकडे विचारणा होते. साठवूच नये अशा पानांसाठी नो-स्टोअर आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

टॅबवाला:
३०४, म्हणजे ‘फाइल बदललेली नाही’ हे उत्तर, फुकटात मिळतो असं समजू नका. बॉडी (फाइलचा मजकूर) येत नाही, पण फेरी होतेच. मंद मोबाइल नेटवर्कवर प्रत्येक पान उघडताना सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलच्या) त्या उत्तरासाठी पहिला रेंडर, म्हणजे पान पडद्यावर दिसणं, अडून राहतो. बिल्ड टूल (फाइली तयार करून नावात हॅश घालणारं साधन) नसलेल्या साध्या साइटला हॅश आणायचा कुठून? स्टाइल.सीएसएस?व्ही=७ लिहा, बदल केला की ८ करा, आणि वर्षभराचा कॅश खुशाल लावा. एचटीएमएलपुरतं तुमचं मान्य.

विषमसंख्या:
एकच सर्व्हर असेल तर चालेल. दोन असतील आणि डिप्लॉय (नव्या फाइली सर्व्हरवर चढवणं) एकामागून एक होत असेल तर मार खाल. नवं एचटीएमएल पहिल्याकडून आलं, ?व्ही=८ ची मागणी गेली दुसऱ्याकडे. तो क्वेरीकडे (पत्त्यातल्या ‘?’ पुढच्या भागाकडे) ढुंकूनही बघत नाही, जुनीच फाइल २०० (‘सगळं ठीक’) म्हणून देतो. आता ‘८’ च्या पत्त्यावर जुना मजकूर, तोही वर्षभर, आणि मध्ये सीडीएन (फाइलींच्या प्रती साठवून सगळ्यांना देणारं जाळं) असेल तर सगळ्यांसाठी. हॅश नावातच असेल तर तिथे ४०४ (‘फाइल सापडली नाही’) येतो. तुटतं, पण उघड तुटतं.

अर्धविराम;:
४०४ येतो, हे गृहीत धरू नका! एकपानी ॲपच्या (एकाच एचटीएमएल फाइलवर चालणाऱ्या साइटच्या) कॉन्फिगमध्ये ‘ट्राय_फाइल्स $यूआरआय /इंडेक्स.एचटीएमएल;’ बहुधा असतं. सापडली नाही ती जेएस फाइल म्हणून इंडेक्स.एचटीएमएल जातं, २०० सकट. कन्सोलमध्ये ‘अनपेक्षित टोकन <’ दिसतो तो यामुळे. वर ‘लोकेशन /’ मध्येच १वाय असेल तर ते एचटीएमएल जेएसच्या पत्त्यावर वर्षभर चिकटून बसतं. हे असं तोडा:

लोकेशन /ॲसेट्स/ {
 ट्राय_फाइल्स $यूआरआय =४०४;
 एक्स्पायर्स १वाय;
}
लोकेशन / {
 ट्राय_फाइल्स $यूआरआय /इंडेक्स.एचटीएमएल;
 एक्स्पायर्स -१;
}

‘-१’ म्हणजे नो-कॅशच जातं. ४०४ वर एक्स्पायर्स लागत नाही, तेव्हा ती चूक वर्षभर साठण्याची भीती नाही. डिप्लॉयचा क्रम: आधी ॲसेट्स, मग एचटीएमएल. आणि जुने हॅश लगेच पुसू नका. उघडा राहिलेला टॅब जुना तुकडा मागतोच.

टॅबवाला:
क्रमाचा मुद्दा पटला, मग ?व्ही= लाही तोच लावा, आधी सगळ्या सर्व्हरवर फाइली, नंतर एचटीएमएल. तुमचा मुख्य आक्षेप तिथेच गळाला, विषमसंख्या. उलट वर्षभराच्या कॅशच्या स्निपेटमध्ये लोक ‘इम्यूटेबल’ (ही फाइल बदलणार नाही, अशी सूचना) साठी ॲड_हेडर (उत्तरासोबत जादा हेडर पाठवणारी ओळ) घालतात, त्यावर कोणी बोलत नाही. लोकेशनमध्ये एक जरी ॲड_हेडर लिहिलं, की सर्व्हर-ब्लॉकमधली ॲड_हेडर तिथे डिफॉल्टने उतरत नाहीत. एचएसटीएस, नोस्निफ, सीएसपी ही सुरक्षेची हेडर गुपचूप गायब. नुसत्या एक्स्पायर्सने हे होत नाही.

विषमसंख्या:
गळाला कसा? तुमचा क्रम उलटा घाव घालतो. नवी सीएसएस आधी पोचली की जुनं एचटीएमएल ?व्ही=७ मागतं आणि ‘७’ वर नवा मजकूर साठतो. एका नावाच्या दोन आवृत्त्या शेजारी नांदत नाहीत. ॲड_हेडरचं मात्र खरं आहे. सुरक्षेची हेडर वेगळ्या फाइलीत ठेवून प्रत्येक अशा लोकेशनमध्ये इन्क्लूड करा, आणि ‘ऑल्वेज’ विसरू नका, नाहीतर ४०४-५०० वर ती जात नाहीत.

अर्धविराम;:
नो-कॅशवाल्यांसाठी एक खोच: एनजिनएक्स ईटॅग बनवतो फाइलची वेळ आणि लांबी यांवरून. दोन सर्व्हरवर वेगवेगळं गिट चेकआउट केलंत (गिटमधून फाइली उतरवल्यात) तर मजकूर तोच, वेळ वेगळी, म्हणून ३०४ ऐवजी अख्खी फाइल पुन्हा. एकाच जागी बिल्ड करून ‘आरसिंक -ए’ ने पाठवा, वेळ टिकते. मग प्रत्येक सर्व्हरला थेट ‘कर्ल -आय’ (फक्त हेडर मागवणारी आज्ञा) मारून ईटॅग जुळतोय का बघा.